‘जरा थांबा’ची चिठ्ठी

पंगतीत पोट भरले की पानावर आडवा हात धरायचा आणि वाढप्याने ते उमजून हात आवरायचा, ही आपली जुनी रीत. संगणकांच्या जगातही अशीच एक रीत आहे, असे सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल!

संगणक तारेने जोडण्याची ‘ईथरनेट’ नावाची पद्धत १९७३ साली अमेरिकेत निघाली. तीत मजकूर लहान लहान पाकिटांतून धावतो. पाकिटे फार वेगाने येऊ लागली आणि घेणाऱ्याला ती उरकेनाशी झाली, म्हणजे सांडतात. म्हणून १९९७ साली नियम झाला, की घेणाऱ्याने ‘पॉज’ची, म्हणजे ‘जरा थांबा’ची, चिठ्ठी धाडावी. किती थांबायचे तेही चिठ्ठीतच असते. शून्य लिहिले, की ‘वाढा आता’!

सेकंदाला दहा अब्ज बिटे वाहणाऱ्या तारेवर एका चिठ्ठीने फार तर सेकंदाचा तीनशेवा हिस्सा थांबवता येतो. एवढेच ना? पण तेवढ्या वेळात छोटी पाकिटे पन्नास हजारांच्या घरात निघून गेली असती!

खरी गोम पुढेच आहे. या चिठ्ठीवर ‘अमक्याचेच थांबवा’ असे लिहिता येत नाही. सारी तार थांबते. तृप्त झालेल्या एका पाहुण्यापाशी वाढपी भांडे घेऊन उभाच राहिला, तर पुढच्यांनी काय करावे? मागे पाकिटांची रांग लागते आणि मग मागचे यंत्रही ‘थांबा’ म्हणू लागते. एखादे बिघडलेले यंत्र चिठ्ठ्याच पाठवत सुटले, तर साऱ्या शेजाराचे काम अडते.

२०११ साली यावर तोड निघाली. पाकिटांचे आठ वर्ग करावेत आणि हवा तोच वर्ग थांबवावा.

तरी निवड माणसालाच करावी लागते. बहुधा संगणकातले नेटवर्क कार्ड चिठ्ठी परस्पर वाचून थांबते. पाकिटे हाताळणाऱ्या प्रोग्रामला तिचा पत्ताही लागत नाही. म्हणून काम विनाकारण मंदावले, तर जाणत्याने आधी कार्डावरची चिठ्ठ्यांची मोजदाद पाहावी. फोनवरच्या बोलण्यात एखादे अक्षर गळले तरी चालते, उशीर चालत नाही. तिथे चिठ्ठी बंद ठेवलेली बरी. एकही पाकीट सांडू नये अशा बेताने जिथे मजकूर साठवायचा, तिथे चिठ्ठी हवी. एकाच्या सोयीसाठी किती जणांना खोळंबवायचे, हे मात्र त्या चिठ्ठीत लिहिलेले नसते.