भंडारदऱ्याला काय पाहावे?

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात ‘कलोनिअल विल्यम्सबर्ग’ हे वसाहतकालीन नगर जतन केलेले आहे. अठराव्या शतकातील पोशाख घातलेली माणसे तेथे लोहारकाम, छपाई करून दाखवतात. १९९४ साली तेथे गुलामांच्या लिलावाचा प्रसंग सादर झाला, तेव्हा मात्र मोठा वाद उसळला. वसाहतकाळ पाहायला जाणाऱ्याला त्यातले नेमके काय पाहायचे असते, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

अकोले तालुक्यात असे नाट्यरूप स्थळ नाही. पण भंडारदरा आहे. विद्यार्थ्यांसह तेथे गेलो असता हाच प्रश्न आमच्यासमोर उभा राहिला. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पुरे झालेले हे धरण गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावाने ओळखले गेले. सुमारे ८२ मीटर उंचीची दगडी भिंत पाहताच ‘इंग्रजांचे काम पक्के’ हे वाक्य ओठांवर येते. ते खोटे नाही, अपुरे आहे. दगड कोणी वाहिले, पाण्याखाली कोणाची खाचरे गेली, हे ते विचारत नाही. प्रवरेचे पाणी आजही ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी खालच्या उसाच्या मुलखात जाते. वसाहतीने घालून दिलेली ही वाट अजून वाहती आहे. जिवंत इतिहास म्हणायचा तो हाच.

याच तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यांच्या आधीच्या पिढीतील महादेव कोळ्यांचा उठाव मोडणाऱ्या कॅप्टन मॅकिंटॉशनेच या जमातीचे विस्तृत वर्णन लिहिले. साहित्याच्या अभ्यासकाने येथे थबकले पाहिजे. ज्याने पकडले, त्यानेच चित्र रेखाटले. ‘बंड’, ‘दरोडा’ हे राज्यकर्त्यांच्या दप्तरातले शब्द आपल्याकडेही रुळले. त्यावर उतारा म्हणून आपण ‘आद्य क्रांतिकारक’ म्हणतो. हा गौरव रास्तच आहे. परंतु हार घालून झाला की सावकाराची वही, नाईकांच्या हक्कांवर आलेली गदा, माणसाला डोंगरात ढकलणारी कारणे, सारे पुन्हा दृष्टीआड होते.

म्हणून आम्हांला वाटते, सहलीचा क्रम बदलावा. आधी देवगाव, मग धरण. १८८४चे नगर जिल्ह्याचे गॅझेटिअर वर्गात नव्हे, त्या पाण्याकाठी उघडावे आणि प्रत्येक नामापुढे एकच प्रश्न लिहावा : हे नाव कोणी ठेवले? पोशाख चढवलेल्या नटांची मग गरज उरणार नाही.