बाळ शांत आहे, म्हणजे बरं आहे असं नाही

साखर म्हटलं की आपल्या घरात वाढलेली साखरच आठवते. बाबासाहेबांना मधुमेह होता, इन्सुलिन घ्यावं लागे, हे वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनाही ठाऊक असतं. पण एका दिवसाच्या बाळाची साखर उतरते आणि त्यात त्याचा मेंदू कायमचा दुखावतो, हे कोणी सांगत नाही. प्रसूतिकक्षात मी बरीच वर्षं काढली, म्हणून हे लिहिते आहे.

नाळ कापली की आईकडून येणारी साखर बंद होते. भरल्या दिवसांचं, धडधाकट बाळ आपल्या यकृतातल्या साठ्यावर दूध मिळेपर्यंत निभावून नेतं. अडीच किलोच्या आतल्या किंवा दिवसाआधी जन्मलेल्या बाळाकडे तो साठाच अपुरा असतो. पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड बाया पोटुशी असताना मोळ्या उचलतात, अकोल्याच्या डोंगरात बाया रक्त कमी असतानाच बाळंत होतात. अशा बाळांचं वजन मुळातच कमी. मधुमेही आईच्या बाळाचं वेगळं. पोटात भरपूर साखर मिळाल्यानं त्याचं शरीर जादा इन्सुलिन बनवत असतं. जन्मल्यावर साखर थांबते, इन्सुलिन लगेच थांबत नाही. हे बाळ गुटगुटीत दिसतं, म्हणून सगळे बेसावध राहतात.

आईचंही तेच. इन्सुलिनवर असलेल्या बाईला सिझेरियनसाठी उपाशी ठेवायचं आणि मधेच साखर बघायची नाही, हा निष्काळजीपणाच आहे. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ‘घाबरली असेल’ म्हणून सोडून देतात.

माझ्या हातून घडलेलं सांगते. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. रात्रपाळीला दोघी होतो, साखर मोजायच्या पट्ट्या संपलेल्या. १ किलो ९०० ग्रॅमची मुलगी. आई सिझेरियननंतर गुंगीत. आजी म्हणाली, ‘‘सिस्टर, लई गुणाची हाय, रडतच न्हाई.’’ मी म्हटलं, ‘‘झोपू द्या.’’ पहाटे तिला झटके आले. पुढे ती वाचली, पण मान धरायला खूप उशीर झाला, नजर ठरेना. घरच्यांना सांगितलं गेलं, ‘जन्मजात दोष आहे.’ मी तिथे उभी होते आणि गप्प राहिले. नोकरी होती, लेकरं होती. आज ती कारणं मला पटत नाहीत.

न रडणं, दूध न ओढणं, अंग सैल पडणं, हातपाय थरथरणं ही साखर उतरल्याची लक्षणं असू शकतात. कधी तर काहीच दिसत नाही, म्हणून जोखमीच्या बाळाची साखर लक्षणांची वाट न पाहता तपासायची असते. टाचेतून रक्ताचा एक थेंब, मिनिटभराचं काम. दर डेसिलिटरला ४५ मिलिग्रॅमच्या खाली आकडा आला की हालचाल करायची. झटके आलेल्या बाळाला शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे २ मिली, म्हणजे दोन किलोच्या बाळाला फक्त ४ मिली, आणि पुढे सलाईनमधून साखर चालू. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. व्रजेश उदानी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये मांडलं की तान्हेपणी सुरू होणाऱ्या अपस्माराचं हे एक नेहमी आढळणारं कारण आहे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेवर २००२ ते २०११ या काळातल्या अशाच २५ बाळांच्या दाव्यांपोटी १६ कोटी पौंडांहून अधिक बोजा पडला. तिथेही सर्वांत जास्त वेळा नोंदलेलं लक्षण होतं बाळ नीट दूध न पिणं.

आपल्याकडे दावा कोण करतो? खासगी दवाखान्यात पैसे भरले असतील तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार आहेत, तिथे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाप्रमाणे ग्राहक कायदा लागत नाही. म्हणजे सर्वांत गरीब बाईलाच सोपी वाट बंद! पण दिवाणी न्यायालय उघडं आहे. शेजारच्या औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात १९६३ मध्ये बाळंतपणानंतरच्या नसबंदीत एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये सरकारला जबाबदार धरलं. भरपाई ३६ हजार रुपये, वाट पाहिली तेहतीस वर्षं.

टॉवेल निदान सापडला. न केलेली तपासणी कशी सापडणार? ती फक्त कागदावरच्या रिकाम्या रकान्यात दिसते. म्हणून कागद मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णानं किंवा नातेवाइकानं मागितल्यापासून ७२ तासांत केसपेपरची प्रत द्यावी लागते. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. ‘कागद मिळत नाहीत’ असं तोंडी सांगतील. ते लिहून मागा.

काही गोष्टी आपल्याही हातात आहेत. बाळ जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजा. चीक फेकू नका, तेच त्याचं पहिलं औषध. मध, गुळाचं पाणी, गुटी नको. लगेच आंघोळ नको, गारठ्यानं साखर आणखी उतरते. आईच्या छातीला उघड्या अंगानं लावा, वरून पांघरूण घाला. आणि वजन अडीच किलोच्या आत असेल किंवा आईला साखर असेल तर सिस्टरला विचारा, ‘‘बाळाची साखर किती आली?’’ आकडा सांगायला लावा, वेळेसकट लिहायला लावा. सिस्टर चिडेल कदाचित. मीही चिडले असते.