हेडरची ‘टिक-टिक’ म्हणजे गाडीचा रुबाब नव्हे!

थंड इंजिन सुरू करताच बॉनेटखालून ‘टिक-टिक’ ऐकू येते आणि गाडी तापली की थांबते. मस्टँगसारख्या व्ही-८ गाडीचा मूळ मॅनिफोल्ड काढून धूर वाहून नेणारे बाहेरचे हेडर बसवले, की ही तक्रार हमखास ऐकायला मिळते. ‘हेडर म्हटल्यावर आवाज यायचाच’ हे गॅरेजमधलं उत्तर मात्र पटणारं नाही. तापलेला धातू प्रसरण पावतो, फट बुजते, म्हणून आवाज थांबतो. दोष तिथेच राहतो. त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली गेली, की ऑक्सिजन सेन्सर फसतो. इंधन कमी पडतंय असं समजून ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो. कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरण्याचा धोका वेगळाच. त्याला ना रंग, ना वास.

नट आणखी आवळणं हा यावरचा उपाय नाही. अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे गेले, तर खर्च कितीतरी वाढेल. हेडर उतरवा, फ्लँजवर सरळ पट्टी धरून ती वाकली आहे का बघा, वाकली असेल तर घासून सपाट करून घ्या, मगच नवं गॅस्केट. नट मधून कडेकडे आवळायचे, तेही टॉर्क रेंचनेच. गाडी एकदा तापून पूर्ण थंड झाली, की ते पुन्हा तपासायचे. नेमकं हेच टाळलं जातं, कारण त्यासाठी गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवावी लागते.