गाडीचें दुखणें : दोष उन्हाचा कीं टाकीच्या टोपणाचा?

गेल्या वैशाखांत जळगांवाहून धुळ्यास निघालेली आमच्या थोरल्या बंधूंची जुनी पेट्रोलवरील पिकअप गाडी पारोळें ओलांडतांच बंद पडली. गाडींत वहिनी, त्यांच्या मांडीवर नातू, आणि बाहेर ४४ अंशांचें ऊन! अर्ध्या तासानें गाडी आपण होऊन सुरू झाली. फागण्याजवळ पुन्हा रुसली. त्याच रात्रीं ठरलें, कीं ती भंगारांत द्यावी. वडिलांनीं हौसेनें घेतलेली ती शेवटची वस्तु. परंतु पोराच्या जिवापुढें तिचें काय मोल, असें वहिनी म्हणाल्या, आणि तें खरेंच होतें.

‘उन्हानें काबरेटर तापतो,’ हें मिस्त्रीचें निदान. वर्षांत तो तीनदां उघडून झाला होता. जेट फुंकले, फ्लोटची सुई नवी घातली. खान्देशांत हें निदान सहज पटतें, कारण तें पुष्कळदां खरेंही असतें : नळींतच पेट्रोलची वाफ झाली म्हणजे पंपाला तें ओढतां येत नाहीं. पण तापल्यावर दगा देणारी कॉइल किंवा कंडेन्सर हींही अगदीं अशींच वागतात. निवलीं कीं पुन्हा शहाणीं! म्हणून मीं म्हटलें, “दादा, विकण्यापूर्वीं एकदां तिला आपल्यासमोर बंद पडूं द्या. मिस्त्रीच्या दारांत ती नेहमींच सुरू असते.”

टाकी तोंडोतोंड भरून आम्ही दोघे पहांटेच्या गारव्यांत निघालों. एरंडोलच्या अलीकडेच गाडी थांबली. उन्हावरचा आरोप तेथेंच ढिला पडला.

प्रथम कॉइलची मधली तार कोरड्या कापडानें व लांकडी चिमट्यानें धरून इंजिनाच्या लोखंडाजवळ नेली; दादांनीं स्टार्टर फिरविला. ठिणगी निळी व जोमदार होती. (हें काम काबरेटर उघडण्यापूर्वींच करावें, पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी म्हणजे आगीला आमंत्रण.) मग हवेची जाळी काढून थ्रॉटल दाबला. काबरेटरच्या घशांत पेट्रोलची चिळकांडी उडावयास हवी होती. एक थेंबही उडाला नाहीं. अर्थात् काबरेटर उपाशी होता, आणि आम्ही वर्षभर औषध त्यालाच पाजीत होतों.

टाकीचें टोपण सैल करतांच ‘सूंऽ’ असा आवाज करीत हवा आंत शिरली. चारदोन फेऱ्यांत इंजिन सुरू!

जुन्या टोपणाला हवा जाण्याची बारीक वाट होती. तें हरवलें, आणि बाजारांतून आणलेलें दुसरें गच्च बंद निघालें. पेट्रोल खर्च होई तसतशी टाकींत हवेची ओढ वाढे, आणि अखेर पंप हरे. थांबल्यावर फटींतून थोडी हवा झिरपे, म्हणून अर्ध्या तासाची ती उसनी तब्येत. भरलेल्या टाकींत मोकळी जागा थोडी, म्हणून तेथें ओढ लौकर वाढली. गाडी पहांटेंही पारोळ्यापर्यंत कां पोंचली नाहीं, याचें उत्तर हेंच.

जातां जातां एक : हल्लींच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. जुन्या पंपाचा रबरी पडदा व नळ्या त्यानें फुगतात, चिरतात. त्या पाहूनच बदलाव्या.

हवेची वाट असलेलें टोपण बसवून, पुन्हा टाकी भरून, दादा भर दुपारीं धुळ्यास जाऊन आले. पुढच्या खेपेस वहिनीही नातवाला घेऊन बसल्या. पाण्याच्या सुरया मात्र त्यांनीं दोन घेतल्या.