फौजदार कायद्याचा की शांततेचा?

2017 सालच्या नोव्हेंबर महिन्यात नगरच्या सत्र न्यायालयात सहा दिवसांच्या अंतराने दोन खटले निकालात निघाले. 23 तारखेला जामखेड तालुक्यातील खर्ड्याच्या खटल्याचा निकाल लागला. 28 एप्रिल 2014 रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला, सवर्ण मुलीशी बोलतो एवढ्या संशयावरून मारहाण करून ठार केले आणि प्रेत झाडाला लटकावले, असा तो आरोप होता. अनेक साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी निर्दोष सुटले. 29 तारखेला कर्जत तालुक्यातील कोपर्डीच्या खटल्यात तिघा आरोपींना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. तेथे 13 जुलै 2016 रोजी एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा निर्घृण खून करण्यात आला होता.

कर्जत आणि जामखेड हे शेजारशेजारचे तालुके. जिल्हा एक, पोलीस दल एक, न्यायालयही एकच. फाशीच्या शिक्षेविषयी समाजवाद्यांची भूमिका काहीही असो, कोपर्डीतील गुन्हेगारांना शासन झाले याबद्दल कोणीही विचारी माणूस खंत करणार नाही. प्रश्न वेगळाच आहे. एका प्रकरणात गाव, जात, पुढारी आणि पुढे सारा महाराष्ट्र फिर्यादीच्या पाठीशी उभा राहिला. दुसऱ्यात फिर्यादीचे कुटुंब गावात जवळजवळ एकटे पडले. पहिल्या प्रकरणात पोलिसांना साक्षीदार टिकवून धरण्यासाठी फारसे झगडावे लागले नाही. दुसऱ्यात ते टिकले नाहीत. मग ज्याच्या पाठीशी गाव नाही त्याच्यासाठी कायदा आहे की नाही, आणि असेल तर तो गावात कोणाच्या रूपाने हजर असतो? या प्रश्नाचे उत्तर मंत्रालयात मिळणार नाही. ते तालुक्याच्या ठाण्यात, फौजदाराच्या टेबलाशी शोधावे लागेल.

हा फौजदार आहे तरी कोण? कागदोपत्री तो पोलीस उपनिरीक्षक. जनता मात्र अजून जुन्याच नावाने ओळखते. या पदाच्या निम्म्या जागा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून सरळ भरतात, एक चतुर्थांश खात्यांतर्गत परीक्षेतून आणि उरलेल्या एक चतुर्थांश ज्येष्ठतेने. सरळ भरतीतून येणारा तरुण बहुधा कोरडवाहू शेतकऱ्याचा किंवा शाळामास्तराचा मुलगा असतो. चारपाच वर्षे पुण्यात एका खोलीत सहाजणांनी राहून त्याने अभ्यास केलेला असतो, आणि बापाने त्यासाठी कर्ज काढलेले असते. ज्येष्ठतेने चढत आलेला सहायक फौजदार तर शिपाई म्हणून लागलेला असतो. खांद्यावर तारे येतात तेव्हा डोक्याचे केस पांढरे झालेले असतात. शिपाई म्हणून भरती झालेल्याला निवृत्तीपूर्वी उपनिरीक्षक होता यावे, यासाठी पोलीस नाईक ही मधली पायरी काढून टाकण्याचा निर्णय 2022 साली झाला. निर्णय चांगला, पण पायरी काढल्याने जिन्याचा वरचा दरवाजा कोणाच्या हातात आहे हे बदलत नाही.

नगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. 2024 साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले, तालुके चौदाच राहिले. उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या पाण्यावरचा ऊस आणि साखर कारखाने, दक्षिणेला पाथर्डी-जामखेडकडून दरसाल कोयता घेऊन बाहेर पडणारे ऊसतोड मजूर, पश्चिमेला अकोल्याचे आदिवासी डोंगर. या प्रदेशात ठाण्याचा माणूस चोरामागे धावण्यापेक्षा बंदोबस्तात अधिक उभा असतो. शिर्डीची रामनवमी, मढीची कानिफनाथांची यात्रा, मोहट्याचे नवरात्र, शिंगणापूरची शनी अमावास्या, नगरचा मोहरम आणि पैठण-पंढरपूरच्या दिंड्या. याशिवाय शिर्डीला दर्शनासाठी येणारे मंत्री, ज्यांची भक्ती पोलिसांच्या ताफ्यावाचून पुरी होत नाही. तपासाचे कागद रात्री लिहायचे, सकाळी न्यायालयात उभे राहायचे, दुपारी पुन्हा रस्त्यावर. पोलीस संशोधन व विकास ब्यूरोने 2014 साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत ठाण्यांतील सुमारे नव्वद टक्के कर्मचारी आठ तासांहून अधिक काम करीत असल्याचे आढळले. जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती. कापड गिरणीत आठ तासांसाठी ज्या देशात रक्त सांडले, त्या देशात हा कामगार मोजदादीतही नाही.

पण श्रमापेक्षाही मोठी गोष्ट आहे ती त्याच्याकडून कसली अपेक्षा केली जाते ही. वरिष्ठ, पुढारी, गावचे प्रतिष्ठित आणि पुष्कळदा वर्तमानपत्रेही त्याच्याकडे एकच वस्तू मागतात : शांतता. हद्दीत ओरड होता कामा नये. फिर्याद नोंदली की आकडा वाढतो, आकडा वाढला की जाब विचारला जातो. तेव्हा दखलपात्र गुन्हा अदखलपात्राच्या वहीत घालावा, दोन्ही पक्षांना बोलावून चहा पाजावा, समेट करून पाठवून द्यावे. ज्याने असे केले तो 'कुशल अधिकारी'. समेट कोणाच्या घरचा आणि कोणाच्या जिवावर झाला याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. शांतता आणि कायदा या दोन वस्तू एक आहेत असे समजून सारे राज्य चालते. आणि त्या एक नाहीत, हे प्रथम दुबळ्यालाच कळते.

याचे प्रात्यक्षिक 2016 साली नगर जिल्ह्यात साऱ्या देशाने पाहिले. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर जाण्याचा अधिकार मागणाऱ्या स्त्रियांना 26 जानेवारीला, प्रजासत्ताकदिनीच, पोलिसांनी पारनेर तालुक्यातील सुप्याजवळ अडवले. कारण काय? शांतता व सुव्यवस्था. वास्तविक हिंदू सार्वजनिक पूजास्थानांत कोणालाही प्रवेश नाकारता येणार नाही असा कायदा महाराष्ट्रात 1956 सालापासून आहे आणि प्रवेश नाकारणाऱ्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. म्हणजे साठ वर्षांचा जुना कायदा ज्यांच्या बाजूने होता त्यांना गाडीत बसवले गेले, आणि ज्यांच्याविरुद्ध होता त्यांचा बंदोबस्त राखला गेला. 1 एप्रिलला उच्च न्यायालयाने या कायद्याची अंमलबजावणी करणे हे शासनाचे कर्तव्य असल्याचे बजावले. दुसऱ्याच दिवशी स्त्रिया पुन्हा आल्या आणि जमावाने त्यांना पुन्हा रोखले. 8 एप्रिलला देवस्थानने स्वतःहून चौथरा खुला केला तेव्हा प्रश्न मिटला. सुप्याच्या रस्त्यावर उभ्या राहिलेल्या पोलिसांनी 1956 चा कायदा वाचलेला होता की नव्हता, हे विचारण्यात अर्थ नाही. त्यांना तो वाचून दाखवण्याची गरज कोणा वरिष्ठाला वाटली नाही, हे अधिक बोलके आहे. (घरांना दारे नसलेले, चोरी होत नाही म्हणून ख्यातनाम झालेले हे गाव, तेथेही 2015 साली पोलीस ठाणे उघडावे लागले होते.)

हद्दीत ओरड नसली म्हणजे हद्दीत गुन्हा नाही, या समजुतीची किंमत फेब्रुवारी 2017 मध्ये पांगरमलने मोजली. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या दिवसांत उमेदवाराच्या मेजवानीतील विषारी दारूने अनेकांचे बळी घेतले. तपासात निघाले की ही बनावट दारू खुद्द नगरच्या जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या आवारातील उपाहारगृहात तयार होत होती. पोलीस, उत्पादन शुल्क खाते, आरोग्य खाते यांची कार्यालये ज्या शहरात आहेत त्या शहरात, रोगी बरे करण्याच्या जागेत, विषाचा कारखाना चालतो आणि मेलेल्यांच्या प्रेतांशिवाय कोणीही त्याची फिर्याद देत नाही! अशा धंद्याची माहिती बीटाच्या शिपायाला नसते, असे म्हणणे ही त्या शिपायाच्या बुद्धीची विटंबना होईल. एकूण अनुभव असा की त्याला बहुधा माहीत असते. आणि कोणती माहिती कागदावर आणायची नाही, हेही त्याला माहीत असते.

हे शहाणपण तो कोठे शिकतो? नाशिकच्या प्रबोधिनीत नव्हे. ते त्याला बदली शिकवते. प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी ठाणे प्रमुखाला किमान दोन वर्षे हलवू नये, तपासाचे काम बंदोबस्ताच्या कामापासून वेगळे करावे, बदल्या पोलीस आस्थापना मंडळाने कराव्यात, असे आदेश दिले. महाराष्ट्राने 2014 साली पोलीस कायद्यात दुरुस्ती केली आणि उपनिरीक्षक ते निरीक्षक यांना एका ठाण्यात दोन वर्षांची मुदत दिलीही. पण त्याच कलमात 'अपवादात्मक प्रकरणी, लोकहितार्थ, प्रशासकीय निकड' म्हणून मुदतीआधी हलवण्याची वाट ठेवली. या तीन शब्दांच्या भोकातून साखर कारखान्याची संपूर्ण मालगाडी जाऊ शकते. ज्याच्या मुलांची शाळा श्रीरामपुरात आणि आईबापांचे औषधपाणी नगरमध्ये आहे, त्याला एका फोनवर 'नियंत्रण कक्षाला जमा' व्हावे लागते. दोनदा असे झाले की तिसऱ्यांदा फोन येण्याआधीच तो योग्य ते करतो. लाच खाणारा फौजदार या व्यवस्थेला अडचणीचा नाही, कारण तो बांधलेला असतो. अडचणीचा आहे तो ज्याला काही नको आहे असा.

7 एप्रिल 2018 रोजी केडगावात महानगरपालिकेच्या पोटनिवडणुकीनंतर दोन राजकीय कार्यकर्त्यांचे खून झाले. चौकशीसाठी आणलेल्या एका आमदाराला सोडवण्यासाठी समर्थकांचा जमाव थेट पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात घुसला, मोडतोड झाली आणि आमदार बाहेर नेले गेले. त्या आमदाराचा गुन्ह्याशी संबंध होता की नव्हता हा येथे मुद्दाच नाही. जिल्ह्याच्या सर्वोच्च पोलीस कचेरीची ही अवस्था ज्याने पाहिली तो जामखेडचा किंवा शेवगावचा उपनिरीक्षक, उद्या एखाद्या बड्या बागायतदाराच्या मुलावर ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवताना कशाच्या भरवशावर लेखणी उचलणार? अशा गुन्ह्याचा तपास उपअधीक्षकाहून कमी दर्जाच्या अधिकाऱ्याने करू नये असा नियम 1995 पासून आहे. नियम योग्यच आहे. पण पहिला पंचनामा, पहिला जबाब, पहिली रात्र ही ठाण्याचीच असते, आणि खटला बहुधा त्या पहिल्या रात्रीतच जिंकला किंवा हरला जातो. पोलिसांपुढे दिलेला जबाब हा न्यायालयात पुरावा नव्हे. साक्षीदार गावातच राहणार, त्याच विहिरीवर पाणी भरणार, त्याच सोसायटीतून कर्ज घेणार. सर्वोच्च न्यायालयाने 5 डिसेंबर 2018 रोजी साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली, ती खर्ड्याच्या निकालानंतर एक वर्षाने.

येथे समाजवादी कार्यकर्त्यांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे. चळवळीने पोलिसाला नेहमी लाठीच्या टोकावरून पाहिले. मोर्चा, सत्याग्रह, अटक, हा त्याच्याशी आलेला संबंध. तेव्हा ते स्वाभाविकही होते. परंतु 1982 साली मुंबईत याच गणवेशातील माणसाने हात वर करून आपणही कामगार आहोत असे सांगितले होते. घर, कामाचे तास, साहेबांच्या घरची धुणीभांडी करण्यापासून सुटका, अशा त्या मागण्या होत्या. गिरणी संप चालू असतानाच, 18 ऑगस्टला, शासनाने पोलिसांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली, नेत्यांना पहाटे अटक केली आणि रस्त्यावर सैन्य आणले. पोलिसांच्या संघटनस्वातंत्र्यावर बंधने घालणारा 1966 चा कायदा तेव्हा होता, आजही आहे. त्यानंतर या दलात वरून खाली हुकूम जातो. खालून वर काही जात नाही. 2016 साली मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला तो एका शिपायाने मांडलेल्या योजनेवरून. म्हणजे खाली बुद्धी नाही असे नाही. तिला बोलण्याची जागा नाही. ज्याला स्वतःच्या हक्कासाठी तोंड उघडता येत नाही, त्याने पारध्याच्या पालावरील स्त्रीचा हक्क नोंदवून घ्यावा, अशी अपेक्षा समाज करतो. 1952 साली गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला, तरी कोठे चोरी झाली की पहिली जीप अजून त्याच पालाकडे वळते. ही सवय बंदोबस्ताने वाकलेल्या माणसाला सोयीची पडते, कारण तेथून कोणाचा फोन येत नाही.

म्हणून मागणी दुहेरी हवी. ठाण्यातील तपासी पथक बंदोबस्तातून कायमचे मोकळे करा. मुदतीआधीच्या प्रत्येक बदलीचे कारण लेखी आणि जाहीर करा. आठ तासांची पाळी व संघटनेचा हक्क द्या. आणि त्याच वेळी फिर्याद नाकारणाऱ्या, जबाब पातळ करणाऱ्या अधिकाऱ्याला पोलीस तक्रार प्राधिकरणापुढे उभे करण्याचे काम तालुका शाखांनी कंटाळा न करता करावे. यातील एक मागणी घेऊन दुसरी सोडली, तर उरतो तो एकतर पोलिसांचा वकील किंवा पोलिसांचा नुसता शत्रू. याहून अवघड काम आणखी एक आहे. आपल्या माणसासाठी ठाण्यात फोन करण्याचा मोह पक्षाच्याही कार्यकर्त्यांना सुटलेला नाही. ग्रामपंचायतीच्या भांडणात, बांधाच्या मारामारीत, 'जरा सांभाळून घ्या' हा शब्द लाल बावट्याखालीही उच्चारला जातो. तो शब्द ज्या तारेवरून जातो त्याच तारेवरून बागायतदाराचाही जातो, आणि त्याचा आवाज मोठा असतो. नगर जिल्ह्यातील शाखांनी पुढील बैठकीत निदान हा ठराव करावा, की ठाण्याशी जे बोलायचे ते लेखी अर्जाने, पोच घेऊन. आणि एखादा फौजदार गुन्हा नोंदवल्यामुळे हलवला गेला तर त्या बदलीविरुद्ध पहिले निवेदन पक्षाचे जाईल, मग तो गुन्हा पक्षाच्याच माणसावर का असेना.