स्वदेशीची कसोटी प्रयोगशाळेतही

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. साताऱ्याच्या आल्यालाही बाजारात मान आहे. परंतु ज्या मातीत हे कंद पोसतात, त्याच मातीत सूत्रकृमी नावाचा डोळ्यांना न दिसणारा शत्रू दबा धरून असतो. मुळांवर गाठी येतात, पीक पिवळे पडून खुंटते आणि शेतकरी खत कमी पडले असे समजून खर्च वाढवीत राहतो. फोरेटसारख्या जहाल विषावर वर्षानुवर्षे भिस्त ठेवली गेली. २०२० च्या अखेरीस त्याच्या वापरावर देशात बंदी आली. मग पर्याय कोणता?

पर्याय मातीतच आहे. पॅसिलोमायसिस लिलॅसिनस ही जांभळट बुरशी सूत्रकृमीच्या अंड्यांत शिरून ती नष्ट करते. १९७९ मध्ये पेरू देशातील संशोधकांनी तिचा हा गुण नोंदविला. आज तिचे शास्त्रीय नाव बदलले असले, तरी काम तेच आहे. प्रश्न आहे तो ती स्वस्तात वाढविण्याचा. प्रयोगशाळेतील तयार माध्यमे, विशेषतः त्यांतील अगर, लहान महाविद्यालयांना परवडत नाहीत.

येथे एक इतिहास ध्यानात घ्यावा. जंतू वाढविण्यासाठी पूर्वी वापरले जाणारे जिलेटिन उष्णतेने वितळत असे. १८८० च्या दशकाच्या आरंभी फॅनी हेस या गृहिणीने आपल्या स्वयंपाकघरातील अगर सुचविले आणि कॉखच्या प्रयोगशाळेने ते स्वीकारले. मग बटाट्याचा काढा, गूळ आणि भिजवून वाफविलेली ज्वारी यांना कमी का लेखावे? बुरशी ज्वारीच्या दाण्यांवर उत्तम वाढते आणि सातारा-सांगलीत ज्वारी व गूळ यांची वाण नाही.

मात्र स्वस्त म्हणजे गबाळे नव्हे. दाबाखाली पूर्ण निर्जंतुकीकरण, शुद्ध मूळ वाण आणि प्रत्येक घाण्याची बीजाणू-मोजणी यांत तडजोड नको. ही बुरशी प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या माणसाला क्वचित बाधू शकते. म्हणून हाताळणीची शिस्तही हवी. विक्रीसाठी १९६८ च्या कीटकनाशक कायद्यान्वये नोंदणी आवश्यक आहे, हे विसरता येणार नाही.

कसबे डिग्रजचे हळद संशोधन केंद्र, दोन्ही जिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रे आणि विज्ञान महाविद्यालये यांनी हे काम वाटून घ्यावे. केंद्राने शुद्ध वाण द्यावे, विद्यार्थ्यांनी माध्यमे तपासावीत, शेतकऱ्यांनी वाफ्यांत प्रचीती पाहावी. स्वदेशीचा उच्चार सभेत सोपा असतो. भूमातेचे ऋण फेडायचे तर तो परीक्षानळीतही उतरला पाहिजे.