अस्वलाच्या मुलखात कमरेला काय असावं?

मोंटाना, वायोमिंग किंवा अलास्काच्या रानवाटांवर निघायचं ठरलं की पहिली चर्चा सुरू होते ती हँडगनची. .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर घ्यावं की १० एमएमचं ग्लॉक? सहा गोळ्या पुरतील की पंधरा हव्यात? माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. तो पहिल्या क्रमांकावर बसला की त्याच्या आधीच्या सगळ्या गोष्टी मागे पडतात, आणि जीव वाचतो तो बहुतेकदा त्या मागे पडलेल्या गोष्टींमुळे.

हँडगनवाल्यांची बाजू मात्र हलकी नाही. ग्रिझली ताशी सुमारे ५६ किलोमीटर वेगाने धावतं, म्हणजे तीस मीटरचं अंतर दोन सेकंदांत संपतं. रायफल खांद्यावरून उतरवायला तेवढा वेळ पुरत नाही. छातीवरचं पिस्तूल निदान हाताशी असतं. शिवाय अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अलास्कातल्या १८८३ ते २००९ या काळातल्या २६९ घटना तपासल्या, तेव्हा हँडगनने अस्वल रोखल्याचं प्रमाण ८४ टक्के निघालं. हा आकडा हँडगनवाले आवर्जून सांगतात, आणि तो खरा आहे. पण त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष त्यांच्याकडून क्वचित ऐकू येतो: जवळ बंदूक असलेल्यांनी ती वापरली काय किंवा न वापरली काय, इजा होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही.

मिरचीच्या फवाऱ्याचे, म्हणजे बेअर स्प्रेचे, पुरस्कर्ते २००८ चा अभ्यास पुढे करतात. त्यात तपकिरी अस्वलांवर फवारा ९२ टक्के वेळा लागू पडला, आणि फवारा जवळ असलेल्यांपैकी ९८ टक्के माणसांना इजा झाली नाही. यावर हँडगनवाल्यांचा आक्षेप असा, की फवाऱ्याच्या घटनांमध्ये नुसत्या कुतूहलाने जवळ आलेली अस्वलंही मोजली आहेत, आणि बंदुकीच्या नोंदी बहुतांशी वाईटात वाईट चकमकींच्या आहेत. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून निकाल देणं चूक आहे आणि मी तो देत नाही.

माझा आधार ही दोन साधनं काम कशी करतात, हा आहे. चालून येणारं अस्वल जागीच थांबवायचं तर गोळी मेंदूत किंवा कण्यात शिरायला हवी. काळजात लागली तरी ते काही सेकंद धावू शकतं, आणि तेवढ्यात ते तुमच्यावर येऊन पडतं. डोकं खाली घालून, हेलकावत येणाऱ्या प्राण्याच्या त्या तळहाताएवढ्या जागेवर, हात थरथरत असताना नेम धरायचा. फवाऱ्याचं तसं नाही. चांगल्या डब्याचा मारा निदान २५ फुटांचा असतो आणि तो सहा सेकंद चालतो. तेवढ्यात समोर मिरचीच्या अर्काचा ढग उभा राहतो आणि अस्वल स्वतःच त्यात शिरतं. डोळे, नाक, श्वास एकदम कोंडतात. नेम जरा चुकला तरी चालतो. सोबतचा माणूस मध्ये आला तर तो खोकेल, मरणार नाही. २०११ मध्ये मोंटाना आणि आयडाहोच्या सीमेवर जखमी ग्रिझलीच्या तावडीत सापडलेल्या शिकाऱ्याला सोडवायला साथीदाराने गोळ्या झाडल्या. तो शिकारी गोळी लागूनच गेला, हे शवविच्छेदनात कळलं.

फवारा हमखास आहे असं कुणी म्हणत असेल तर तेही खोटं. तोंडावरचा वारा, पाऊस, कडाक्याची थंडी यांत तो दुबळा पडतो. २०१६ मध्ये मोंटानात पिल्लांसह असलेली एक ग्रिझली मादी फवारा भेदून एका माणसावर आली आणि थोड्या वेळाने तिने पुन्हा हल्ला केला. त्याच्याजवळ पिस्तूलही होतं, पण ते त्याला वेळेत वापरता आलं नाही.

म्हणून ज्याला हँडगन घ्यायची आहे त्याने ती फवाऱ्याच्या जोडीला घ्यावी. एल्क हरीण मारून त्याचं मांस कापत बसणाऱ्या शिकाऱ्याला किंवा अलास्कातल्या वाटाड्याला तशी कारणं आहेतच. पण मोठी गोळी म्हणजे मोठी सुरक्षा, हा समज सोडावा. २००३ मध्ये आलेल्या .५०० मॅग्नमचा धक्का इतका जबर, की बहुतेकांची दुसरी गोळी वेळेत सुटतच नाही. २०१६ मध्येच अलास्कातल्या एका अनुभवी गाइडने चालून आलेलं तपकिरी अस्वल ९ एमएम पिस्तुलाने मारलं. प्रत्येकाने ९ एमएम घ्यावं असा याचा अर्थ नव्हे. त्याचा हात त्या पिस्तुलावर बसलेला होता आणि गोळ्या खोल शिरणाऱ्या, कठीण शिशाच्या होत्या, हे महत्त्वाचं. .३५७ किंवा १० एमएम, जे तुम्हाला भराभर आणि नेमाने झाडता येतं ते घ्या. गोळी चपट्या टोकाची, भरीव हवी; माणसांसाठी बनवलेली पोकळ टोकाची गोळी लवकर पसरते आणि जाड स्नायू-हाडांत अडकते. होल्स्टर छातीवर हवं, कारण कमरेवर पाठपिशवीचा पट्टा येतो.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी कायदाही बघावा. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना बंदूक बाळगायला सहसा मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असल्यास अपवाद मिळतो. २२ फेब्रुवारी २०१० पासून राष्ट्रीय उद्यानांत त्या त्या राज्याच्या कायद्यानुसार बंदूक नेता येते, पण यलोस्टोनमध्ये ती झाडणं निषिद्धच आहे. फवारा तिथे चालतो, योसेमिटीत मात्र चालत नाही. विमानात तो कुठल्याच सामानात नेता येत नाही, तेव्हा तिथे पोचल्यावरच विकत घ्यायचा.

घेतला की तो गाडीच्या डिकीत किंवा पाठपिशवीच्या तळाशी ठेवू नका. पट्ट्यावर, चालताना हात जातो तिथे अडकवा. डासांच्या औषधासारखा तंबूवर किंवा कपड्यांवर तर मुळीच मारू नका. सुकलेल्या थराचा वास अस्वलांना उलट ओढून आणतो. सरावासाठी मिरचीविना भरलेले डबे मिळतात. सुरक्षेची क्लिप काढून खटका दाबायचा सराव घरातल्या प्रत्येकाने करावा, मुलांच्या आईने आणि भारतातून आलेल्या आजोबांनीसुद्धा, कारण अस्वल ज्याच्या पुढ्यात येईल त्यालाच तो दाबावा लागणार आहे.